पाचवीसाठी घराशेजारची महापालिकेची शाळा : कोणी घातलंय का मुलांना?

मागचं_गेट | १९ जानेवारी, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक चौथीत आहे. शाळा मराठी माध्यमाची, खासगी, लहानशी, बाई जीव लावणाऱ्या, पण चौथीपर्यंतच. म्हणजे जूनला पाचवीसाठी दुसरीकडे घालायलाच लागणार आणि जानेवारी संपत आला तरी आमचं ठरत नाहीये. पेठांमधल्या जुन्या अनुदानित शाळा चांगल्या आहेत, मी स्वतः तिथलीच, पण कर्वेनगरहून व्हॅन म्हणजे जाऊन येऊन दोन तास. इंग्रजी माध्यमाची एक शाळा पाचवीला घेतेय, फी ९२ हजार, बस वेगळी, वह्या पुस्तकं बूट मोजे सगळं त्यांच्याच काउंटरवरून. आणि तिसरी म्हणजे आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटातून बाहेर पडलं की चार मिनिटांवर महापालिकेची शाळा. आठवीपर्यंत, सेमी इंग्रजी.

तिसऱ्या शाळेचं मी परवा जेवताना सहज काढलं तर सासूबाई म्हणाल्या "ती टाकीजवळची?" आणि पुढे आमटी वाढली. नवरा म्हणाला बघू. आमच्याकडे बघू म्हणजे नाही.

६४ फ्लॅटची सोसायटी, २२ वर्षं झाली बांधून, एकाही घरातलं पोर त्या शाळेत गेलेलं नाही. आत कसं आहे कोणालाच माहीत नाही, पण मत विचारा, प्रत्येकाकडे तयार. लेकीच्या वर्गातली अजून तीन मुलं आमच्या आसपासच राहतात, आम्हा चौघी आयांचा ग्रुप आहे, आणि मला वाटतं चौघींच्याही मनात हे येऊन गेलंय पण आधी बोलायचं कोणी यावर सगळं अडलंय. कोणी प्रत्यक्ष घातलंय का मुलांना? ऐकीव नको, घातलंय त्यांनीच सांगा प्लीज.

शनिपारचा_भडभुंजा | १९ जानेवारी, रात्री ११.२०

घातलेलं नाही तरी सांगतो, पुण्यात राहतो म्हटल्यावर तेवढा हक्क आहे.

ताई, महापालिकेची शाळा उत्तमच असते, फक्त ती शेजाऱ्याच्या मुलासाठी. मराठी शाळा वाचवाच्या पत्रकावर मी स्वतः माणसांना सह्या करताना पाहिलंय, पेन खिशात ठेवलं की लगेच स्कूलबस आली का ते बघायला रस्त्यापलीकडे. आणि त्या शाळांतले शिक्षक स्वतःची मुलं कुठे घालतात ते एकदा विचारा. बाकी चालू द्या. आता कोणीतरी भिडे वाडा काढेलच, मी झोपतो.

निळी_छत्री | १९ जानेवारी, रात्री ११.३१

मागचं गेट, अगं तू आहेस होय!! आमटीवरून ओळखलं. चौघींपैकी एक मी. ग्रुपवर नको, इथेच बोलू, तिथे नवरे पण आहेत.

पुण्यात्मा | २० जानेवारी, सकाळी ७.१५

१८४८ साली ज्या शहरात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली त्या शहरात हा प्रश्न विचारावा लागतो हेच दुर्दैव.

शनिपारचा_भडभुंजा | २० जानेवारी, सकाळी ७.४०

आठ तास पंचवीस मिनिटं. मला वाटलं सहा तासांत येईल.

सुट्टीची_घंटा | २० जानेवारी, दुपारी ३.०५

मी ३१ वर्षं पुणे महापालिकेच्या शाळांत शिकवलं, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. भडभुंजे, टोमणा माझ्यावरच आहे तर उत्तर देते. माझी दोन्ही मुलं चौथीपर्यंत माझ्याच शाळेत होती. पाचवीला हलवली. का, तर तेव्हा आमची शाळा सातवीपर्यंत होती आणि आठवीला बाहेर प्रवेश घेताना पोरांचे काय हाल व्हायचे ते मी दर जूनमध्ये बघत होते. जुन्या नावाच्या शाळा पाचवीपासून सुरू होतात, त्यांचं दार पाचवीला उघडतं, आठवीला नुसतं किलकिलं असतं. आईने तेच केलं जे कोणत्याही आईने केलं असतं, आणि बाई म्हणून मला त्याची लाज वाटायची. दोन्ही खरं आहे.

आपल्याकडे पूर्वी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी अशी मांडणी होती. शिक्षण हक्क कायद्याने, २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी केली. म्हणून कुठे शाळा सातवीला संपते, कुठे आठवीला, कुठे चौथीला. त्यामुळे ताई तुमचा पहिला प्रश्न पाचवीचा नाहीच, आठवीनंतर काय हा आहे. त्या शाळेतून गेल्या दोन वर्षी आठवी झालेली मुलं नववीला कुठे गेली हे मोठ्या बाईंना विचारा. नावानिशी सांगता आलं तर शाळा जिवंत आहे असं समजा.

आणि शाळा बघायला जायचं तर पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, स्नेहसंमेलन हे सोडून जा. साधा गुरुवार धरा. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात पट आणि हजर असे दोन आकडे असतात, आधी ते बघा, मग पोरं मोजा. हजर ३८ लिहिलंय आणि बसलीत २४ असं असेल तर चहा न पिता परत या.

आकडेमोड | २० जानेवारी, सायंकाळी ६.४८

थोडी भर. युडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीच्या साइटवर प्रत्येक शाळेचा ११ आकडी नंबर असतो, त्यावरून वर्गवार पट, शिक्षक, खोल्या, नळ, स्वच्छतागृहं सगळं दिसतं. माहिती शाळेनेच भरलेली असते हे लक्षात ठेवा. 'मुलींचे स्वच्छतागृह : आहे' याचा अर्थ दाराला कडी आहे असा होत नाही.

कायद्यातलं मोजमाप असं, पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवी ३५ मागे एक, आणि सहावीपासून गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र, भाषा यांना निदान एकेक वेगळा शिक्षक पाहिजे. तुमच्या शाळेत सहावी ते आठवीला मिळून किती शिक्षक आहेत तेवढं विचारलंत तरी पुरे. 'असर'चा अहवाल कोणी इथे डकवू नका, तो खेड्यांतल्या घरांचा सर्व्हे असतो, कर्वेनगरला त्याचा उपयोग नाही.

टाकीवरचा | २० जानेवारी, रात्री ९.५५

मी महापालिकेच्या शाळेतला. तुमची नाही, पण तशीच, आमची पण टाकीजवळच होती, पुण्यात टाकी आणि शाळा बहुतेक एकाच नकाशात काढतात. सातवीपर्यंत तिथे, मग अनुदानित, मग डिप्लोमा, मग डिग्री, आता हिंजवडी फेज तीन. म्हणजे पेपरात बातमी येते तसा नमुना.

माझा मुलगा सीबीएसईला आहे. अर्ज भरायच्या दिवसांत मी बायकोला माझी शाळा किती भारी होती ते ऐकवत होतो, ती नुसतं म्हणाली, तुझ्या वर्गात किती जण होते? ४१. आज त्यातले कोण कुठे आहेत ते सांग. मी बोटं मोजायला लागलो, ११ जणांपाशी थांबलो. एकाचं पंक्चरचं दुकान आहे, त्याच्याकडे मी अजून जातो, तो मला पैसे सांगत नाही आणि मला द्यायला लाज वाटते. बाकीच्या ३० जणांचं मला काही माहीत नाही. त्यानंतर आमच्यात वाद झाला नाही, फॉर्म भरला.

पण गणिताचे सर मला जे मिळाले तसे माझ्या मुलाला मिळालेले नाहीत. त्याला १ लाख १० हजारात स्मार्टबोर्ड मिळालाय.

वारज्याची_आई | २१ जानेवारी, सकाळी ११.१०

माझा अनुभव थोडा बाजूचा आहे पण लिहिते. मुलाला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांत नंबर लागून पहिलीला खासगी शाळा मिळाली. लॉटरी लागली तेव्हा पेढे वाटले होते. शाळेने फार त्रास दिला असं नाही म्हणणार, पण सहलीचे पैसे, गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे, डब्यातलं काय आणतोस, हे रोजचं. आता तो आठवीत आहे आणि कायदा आहे चौदा वर्षांपर्यंत म्हणजे आठवीपर्यंत. नववीला पूर्ण फी, नाहीतर दाखला घ्या. इंग्रजी माध्यमातून नववीला काढून कुठे घालू? त्याला मराठीत भूमिती येत नाही.

आणि एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीला असते, पास झालं की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे. आमचं बसतं. पण ती सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्याच मुलांना, आमचा मुलगा खासगी विनाअनुदानितमध्ये म्हणून चालत नाही. शेजारची मुलगी महापालिकेच्या शाळेतून बसली आणि तिला मिळाली. मी तिला कौतुकाने पेन दिलं आणि घरी येऊन रडले.

मराठी_बाणा | २१ जानेवारी, दुपारी १२.०२

म्हणूनच म्हणतो इंग्रजी माध्यमाचा नाद सोडा. पहिलीपासून तिसरी भाषा लादायला निघाले होते तेव्हा कुठे होते सगळे...

ग्लोबल_देशपांडे | २१ जानेवारी, दुपारी १२.०९

आली गाडी रुळावर. सर, मातृभाषेचं प्रेम आहे पण नोकरी इंग्रजीत मिळते.

*(पुढचे १७ प्रतिसाद उडवले आहेत. माध्यमाच्या वादाला वेगळा धागा आहे, २०१४ पासून चालू आहे, तिकडे जा. – प्रशासक)*

तीनआसनी | २१ जानेवारी, रात्री ११.४२

रिक्षाच्या धंद्यावरून आत्ता आलो, दोन दिवस वाचतोय, आता लिहितोच. तुम्ही सगळे जी तिथली मुलं तिथली मुलं लिहिताय ना ती माझी आहेत. मोठी सहावीत, धाकटा तिसरीत, ताईंनी लिहिलंय तीच शाळा आहे असं मला वाटतं, नसली तरी काय फरक पडत नाही.

चांगलं आधी सांगतो. गणिताचे सर एक नंबर. पोरगी घरी येऊन मला शिकवते, भाड्याचा हिशोब आता ती तोंडी करते. पुस्तकं आठवीपर्यंत फुकट, बालभारतीची. पाचवीपासून मनपा शाळेच्या पोरांना पीएमपी बसचा पास फुकट आहे पण आम्ही चालत जातो. जेवण दुपारचं मिळतं, कधी चांगलं कधी पातळ. बाई मारत नाहीत, आमच्या वेळेला मारायचे.

वाईट पण सांगतो, लपवायचं काय. विज्ञानाच्या बाई दिवाळीनंतर बदलून गेल्या, दुसऱ्या आल्या नाहीत, सहावी सातवी एकत्र बसवतात त्या तासाला. मुलींच्या संडासाला एकच कडी नीट आहे, पोरगी मैत्रिणीला घेऊन जाते राखणीला. निवडणुकीचं काम आलं की मास्तर गायब, मतदार यादी घेऊन आमच्याच वस्तीत फिरत असतात, मी एकदा म्हटलं सर आमचं नाव यादीत आहे, पोरांचं नाव तुमच्या हजेरीत आहे, हसले बिचारे, ते तरी काय करणार.

आता तुमच्याबद्दल. सोसायटीतली दोन घरं मागे आली होती, तीन वर्षं झाली. आम्हाला बरं वाटलं, म्हटलं आता नळ दुरुस्त होईल. झाला पण, त्या मॅडमनी फोनवर फोन करून पंधरा दिवसात करून घेतला, आम्ही दोन वर्षं अर्ज देत होतो. मग त्या व्यवस्थापन समितीत गेल्या. मीटिंग दुपारी चारला ठेवली, ती माझी धंद्याची वेळ, शाळा सुटायची वेळ. ग्रुपवर इंग्रजीत मेसेज यायला लागले. आमच्या बायका बोलायच्या बंद झाल्या. आणि वर्षभराने त्यांनी मुलं काढून नेली, जाताना म्हणाल्या खूप प्रयत्न केला हो पण पालकांचा सहभाग नाही.

तर तुम्ही आलात तर बरंच होईल आणि आलात तर भीती पण वाटते, असं आहे. राग नका मानू.

मागचं_गेट | २२ जानेवारी, सकाळी ६.५०

दादा, राग नाही. मी "तिथली मुलं" असं लिहिलं नव्हतं म्हणून वर जाऊन परत वाचलं. शब्द नव्हता, पण ६४ फ्लॅटमधलं एकही पोर गेलं नाही असं लिहिताना आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची नात त्याच शाळेत आहे हे मला आठवलंच नव्हतं. ती रोज चार वाजता आमच्या ओट्यापाशी बसून अभ्यास करते. मी घातलंय त्यांनीच सांगा म्हणून इथे विचारतेय आणि मावशींना विचारलं नाही. आज विचारते.

तुम्ही म्हणता ती दोन घरं आमच्या सोसायटीतली नाहीत, समोरच्या स्कीममधली असतील. पण असू दे.

शनिपारचा_भडभुंजा | २२ जानेवारी, सकाळी ८.३०

तीनआसनी, पहिल्यांदाच या साइटवर कोणाला तरी मनापासून प्लस वन देतो. टोमणा मागे घेत नाही, पण दिशा बदलतो.

सुट्टीची_घंटा | २२ जानेवारी, दुपारी २.१५

तीनआसनी म्हणतात ते मी दोनदा बघितलंय. व्यवस्थापन समितीत कायद्याने पंचाहत्तर टक्के आई-वडील पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत, आणि दुर्बल गटातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. कागदावर हे सगळं होतं. पण मीटिंग कितीला ठेवायची हे कायद्यात लिहिलेलं नाही, आणि कोण येणार ते त्या वेळेवर ठरतं. मी मुख्याध्यापिका झाल्यावर सकाळी पावणेआठला ठेवायला लागले, पोरांना सोडायला आलेल्या आया तशाच बसायच्या, गाऊनवर ओढणी घेतलेल्या. पंधरा मिनिटांत सह्या आणि भांडणं दोन्ही व्हायची.

पुण्याचं म्हणाल तर भिडे वाड्याच्या पुढची एक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायची मुभा मिळाली. पुण्यात वाद असा झाला की पैसे कमी आहेत तर आधी मुलग्यांनाच सक्ती करू, मुलींचं नंतर बघू. रमाबाई रानडे आणि त्यांच्याबरोबरच्या बायका त्यावर भांडल्या. म्हणजे या शाळांत कोणाची मुलं मोजायची हा वाद शाळांइतकाच जुना आहे.

ताई, एक ऐका. चार घरं मिळून येणार असाल तर जरूर या, एकट्या मुलीला नव्या शाळेत फार जड जातं. पण चौघांना एकाच तुकडीत, एकाच बाकावर मागू नका. मोठ्या बाई देतील सुद्धा, तुम्हाला धरून ठेवायला. घेऊ नका. मग शाळेत शाळा होते.

निळी_छत्री | २२ जानेवारी, दुपारी ४.४०

बाई, आम्ही नेमकं तेच मागायचं ठरवत होतो :(

मागचं_गेट | २९ जानेवारी, रात्री १०.१५

जाऊन आलो. बाईंनी सांगितल्याप्रमाणे गुरुवारी, न सांगता. चौघीतल्या तिघी गेलो, चौथीला ऑफिस होतं (तिचं बहुतेक इंग्रजी शाळेचं ठरलंय, तोंडाने अजून बोलली नाही).

गेटवर रखवालदार मामा, कोण पाहिजे विचारलं, पाचवीच्या प्रवेशाचं म्हटल्यावर त्यांनी खुर्चीवरून उठून आम्हाला नीट बघितलं. मोठ्या बाई वर्गावर होत्या. शिक्षक कमी म्हणून त्या स्वतः सामाजिक शास्त्र घेतात. त्यामुळे आम्ही वीस मिनिटं व्हरांड्यात उभ्या, आणि तेच बरं झालं.

पाचवीच्या वर्गाच्या खिडकीतून फळा दिसत होता. पट ३६, हजर ३१. मी मोजले. दोनदा. एकतीस. एक पोरगा मला मोजताना बघून हसला. गणित चालू होतं, सेमीचं. सरांनी सगळ्या पोरांना बाकांवरून उठवून फरशीवर बसवलं होतं आणि खडूने फरश्यांचे गट आखले होते. बारा फरश्यांतल्या पाचांवर पोरं बसलेली. म्हणाले, "वरचा न्यूमरेटर, म्हणजे बसलेत किती. खालचा डिनॉमिनेटर, म्हणजे जागा किती. आता अजून तिघं या, कोण बदललं, वरचा का खालचा?" सगळा वर्ग ओरडला "वरचा!" एक मुलगी हळूच म्हणाली, सर आणि जागाच नसेल तर? सर म्हणाले, खाली झिरो कधी लिहायचा नाही, का ते तू उद्या मला सांगायचं. मी ९२ हजारवाल्या शाळेत कॅम्पस टूर घेतली होती, स्विमिंग पूल दाखवला होता, शिकवताना काही दाखवलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. सव्वादहाला जेवणाची गाडी आली, त्या दिवशी मसालेभात. वास चांगला होता. ताटं धुवायला आठ नळ आहेत, त्यातले तीन चालू, रांग जिन्यापर्यंत. मुलींच्या स्वच्छतागृहात मी स्वतः गेले. दादा म्हणाले होते तसंच, एकच कडी. दुसऱ्या दाराला आतून सुतळी बांधलीय आणि ती इतकी काळी झालीय की बरेच महिने झाले असणार. प्रयोगशाळा आहे, कुलूप आहे, काचेतून आत मानवी सांगाडा दिसतो, त्याच्या डोक्यावर कोणीतरी गांधी टोपी घातलीय.

मोठ्या बाईंना विचारलं आठवीनंतर मुलं कुठे गेली. त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली. गेल्या वर्षीची २९ मुलं, प्रत्येकासमोर शाळेचं नाव. चार नावांपुढे काही नव्हतं. मी त्या चारांवर बोट ठेवलं तर म्हणाल्या, दोघी गावाकडे, एकीचं लग्न होता होता थांबवलं, ती आता नाइट स्कूलला आहे, लिहायचं राहिलंय. आणि एक मुलगा सापडत नाही. "फोन लागत नाही, घर बदललंय. मी तिकडे जाऊन आले दोनदा." गुळगुळीत उत्तर मिळालं असतं तर मी निर्धास्त घरी आले असते. हे ऐकून निर्धास्त नाही झाले, पण विश्वास बसला.

निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही तिघी आलात तर तिघांनाही मी एकाच तुकडीत देते." आम्ही एकमेकींकडे बघितलं. निळी छत्रीच म्हणाली, नको, वाटून द्या.

टाकीवरचा | २९ जानेवारी, रात्री ११.०५

खाली झिरो कधी लिहायचा नाही. आमचे सर हेच वाक्य बोलायचे. वय विचारा हो त्यांचं.

ग्लोबल_देशपांडे | २९ जानेवारी, रात्री ११.१८

सगळं हृदयस्पर्शी आहे पण संगत? शिव्या? मुलगी आहे, पुढे वयात येणार.

तीनआसनी | २९ जानेवारी, रात्री ११.५०

साहेब मी सात सोसायट्यांच्या गेटवर उभा असतो. शिव्या कुठे जास्त ऐकू येतात, वस्तीत का तुमच्या पार्किंगमधल्या क्रिकेटला, हे मला विचारू नका. आणि मुलगी माझी पण आहे, सहावीत.

आकडेमोड | ३० जानेवारी, सकाळी ९.३०

धाग्याच्या बाहेरचं पण उपयोगी, दहावीला महापालिका शहरातल्या मुलांना १५ हजारांची मदत देते, त्याला खुल्या गटात ८० टक्के लागतात, महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना ७०. पण तुमची शाळा आठवीलाच संपते, तर नववीला कुठे जाताय त्यावर हे अवलंबून.

मागचं_गेट | ८ फेब्रुवारी, रात्री ९.२०

अपडेट देते कारण बऱ्याच जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलंय.

चारपैकी एक घर इंग्रजी शाळेत गेलं, फी भरली. बोलणं चालू आहे पण ती आता माझ्याशी जरा जास्तच गोड बोलते. एक घर ज्ञान प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेच्या निकालाची वाट बघतंय, लागला तर तिकडे, नाही लागला तर आमच्याबरोबर, असं ती उघड म्हणाली आणि मला ते आवडलं. निळी छत्री आणि मी जातोय.

घरचं सांगायचं तर सासूबाईंचा विरोध मावळला तो माझ्यामुळे नाही. मावशींच्या नातीला त्यांनी ओट्यापाशी बसवून पाढे विचारले, एकोणतीसचा पाढा तिने म्हणून दाखवला, सासूबाईंना स्वतःला सव्वीसच्या पुढे येत नाही. त्यानंतर त्या म्हणाल्या, टाकीजवळची तीच ना? नवरा अजून बघू म्हणतो पण आता त्याच्या बघूचा स्वर वेगळा आहे. आठवीनंतरचं आम्ही ठरवलेलं नाही. नववीला मिळेल तिथे धडपड करावी लागणार हे डोळ्यासमोर ठेवून जातोय. विज्ञानाच्या बाई जूनपर्यंत आल्या नाहीत तर काय, याचंही उत्तर नाही.

कडीचं आम्ही काही केलेलं नाही. हातात होतं, हार्डवेअरच्या दुकानात ६० रुपयांची येते, निळी छत्री म्हणाली आत्ता जाऊन लावून येऊ. पण मग तीनआसनींचं ते नळाचं आठवलं. तर दादा, तुम्हीच सांगा, कसं करायचं?

तीनआसनी | ८ फेब्रुवारी, रात्री ११.३५

कडी आणा. दोन आणा. सोमवारी पावणेआठला गेटवर या, माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हर आहे, पोरीची आई आणि अजून तीन चार बायका येतील, मोठ्या बाईंना मी सांगून ठेवतो. लावताना फोटो नका काढू.

सुट्टीची_घंटा | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

कडी पितळी घ्या, लोखंडी पावसाळ्यात गंजते. आणि दाखला १ मेच्या निकालानंतर लगेच मागा, जूनमध्ये सगळ्यांची झुंबड असते. दाखल्यावर जन्मतारीख अक्षरात बरोबर आहे का ते तिथल्या तिथे वाचून बघा.

मागचं_गेट | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.२२

बाई, हो. पितळी. लेक विचारतेय डबा न्यायचा का तिथलं जेवायचं.

तीनआसनी | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

माझी म्हणते मसालेभाताच्या दिवशी तिथलं, बाकी दिवशी डबा, आणि डब्यात लोणचं जास्त टाका, मैत्रिणी मागतात.